वडोदऱ्यात लग्नासाठी हिऱ्याचा सेट, पुष्कराज आणि मोत्यांचा तन्मणी घ्यायचा आहे. फसवणूक कशी टाळायची?

तुम्ही तीन वस्तू लिहिल्या आहेत: मुलीसाठी हिऱ्याचा पेन्डन्ट सेट, जावयासाठी ज्योतिषांनी सांगितलेला पुष्कराज आणि "अस्सल बसरा" (म्हणजे पर्शियन आखातातले नैसर्गिक मोती) म्हणून दाखवलेला मोत्यांचा तन्मणी, ज्याचा फोटो तुम्ही पाठवला आहे. दुकानदार सगळं सर्टिफाइड आहे म्हणतो आणि तुम्हाला घरच्या घरी खरं-खोटं ओळखायची युक्ती हवी आहे. मी रत्नपरीक्षा शिकलो आणि वडोदऱ्यातच दागिन्यांचं मूल्यांकन करतो. म्हणून आधीच सरळ सांगतो, घरी ओळखता येत नाही. हिऱ्यावर फुंकर मारून वाफ बघणं, पाण्यात टाकणं, छापील अक्षरांवर ठेवून बघणं, यातून फार तर काच पकडली जाईल. आता कोणी काच विकत नाही. तुम्हाला वाचवेल तो बिलावरचा मजकूर, आणि तो पैसे देण्याआधी लिहून घ्यायचा असतो.

हिऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पैसा तिथेच जास्त जाणार आहे. सुरत आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर. जगातले बहुतेक हिरे तिथे पैलू पाडून घेतात, आणि प्रयोगशाळेत तयार होणारे हिरेही आता तिथेच मोठ्या प्रमाणावर निघतात. बाजारात त्यांना सर्रास "सीव्हीडी" म्हणतात. हे हिरे खोटे नाहीत. तोच कार्बन, तोच कठीणपणा, तीच चमक. दुकानदार ज्या पेनाने "बघा, टेस्टर वाजला" असं दाखवतो, तो पेन दगडातून उष्णता किती झपाट्याने जाते एवढंच मोजतो. अमेरिकन डायमंड त्यात पकडला जातो. सीव्हीडी मात्र वाजणारच, कारण तो हिराच आहे. मोइसानाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, तो तर हिराही नाही, पण साध्या पेनात तोसुद्धा पास होतो. नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतला यांत फरक करायला प्रयोगशाळेचीच यंत्रं लागतात. अनुभवी माणसाची नजर आणि आयग्लास इथे पुरत नाही, माझीही नाही.

सीव्हीडी घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. पुष्कळ दुकानदार तो त्याच्या नावाने, त्याच्या भावाने प्रामाणिकपणे विकतात. फसवणूक होते ती नुसतं "डायमंड" म्हणून गप्प बसण्यात आणि भाव नैसर्गिकाचा लावण्यात, कारण दोघांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक आहे. २०१५ च्या आयएसओ १८३२३ या आंतरराष्ट्रीय मानकाने हे स्पष्ट केलेलं आहे की नुसता "हिरा" हा शब्द नैसर्गिकासाठीच वापरायचा आणि प्रयोगशाळेतला असेल तर तसं शब्दांत सांगायचं. तरीही माझ्याकडे येणाऱ्या बिलांवर काय असतं? "डायमंड पेन्डन्ट सेट, १ नग", एकूण वजन, रक्कम, खाली सही. उद्या तक्रार घेऊन गेलात तर समोरचा शांतपणे म्हणणार, आम्ही नैसर्गिक म्हटलंच कधी? आणि कागदावर पाहिलं तर त्याचं खरं असतं.

तुमच्या बिलावर हे हवं: सोनं किती कॅरेटचं आणि खडे वगळून निव्वळ किती ग्रॅम, "नैसर्गिक हिरे" असे स्पष्ट शब्द, नग किती, सगळ्यांचं मिळून वजन किती कॅरेट, रंग आणि शुद्धता, रिपोर्ट असेल तर त्याचा नंबर. "नैसर्गिक" हा शब्द लिहा म्हटल्यावर दुकानदार काय करतो ते बघा. ज्याचा माल खरा आहे तो लिहून देतो. जो "अहो, विश्वास ठेवा ना, आपलं जुनं दुकान आहे" म्हणत विषय बदलतो, त्याच्याकडून उठा. लग्न तोंडावर आलं असलं तरी उठा. सुटा हिरा घेऊन दागिना घडवणार असाल तर बिलावरचा एचएसएन कोडसुद्धा वाचा, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा. नैसर्गिक हिऱ्याचा ७१०२ ने सुरू होतो, कृत्रिमाचा ७१०४ ने. तयार दागिन्यावर मात्र ७११३ असतो, त्यावरून काही कळत नाही.

हॉलमार्कबद्दल फार गैरसमज आहे. दागिन्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क नंबर, म्हणजे एचयूआयडी, तुम्ही बीआयएस केअर ॲपवर तपासा, जरूर तपासा, पण तो सोन्याची शुद्धता सांगतो. त्यात बसवलेल्या खड्यांबद्दल एक अक्षर सांगत नाही. आणि निव्वळ वजनाचा आग्रह धरा, नाहीतर खड्यांचं, कुंदनाखालच्या लाखेचं वजनही सोन्याच्या भावाने तुमच्या गळ्यात पडतं.

"सर्टिफाइड" म्हणजे कोणी सर्टिफाइड केलं? दुकानाच्याच लेटरहेडवरचं कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. जीआयए, आयजीआय किंवा मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया अशा दुकानाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा. त्याचा नंबर दुकानदाराने दाखवलेल्या क्यूआर कोडवरून उघडू नका, स्वतः त्या प्रयोगशाळेच्या साइटवर जाऊन टाका. मग वजन दशांशापर्यंत आणि मापं जुळवा. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. नैसर्गिक हिऱ्याचा नंबर प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणं जीआयएनेच जाहीर केलेली आहेत. सेटमध्ये बारीक हिरे असतील तर एक गोष्ट विचारा: हे सगळे तपासले आहेत की मधला मोठाच? बारीक मालातच मिसळ सगळ्यात जास्त होते.

पुष्कराजाकडे वळतो. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, खनिज कोरंडम. त्या नावाखाली "सुनेला" नावाचा स्वस्त पिवळा खडा (सिट्रीन) विकला जातो, पिवळा टोपाझ विकला जातो. हे सोपे आहेत, दगडात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर मिनिटात पकडले जातात: कोरंडम १.७६ च्या आसपास दाखवतो, सिट्रीन १.५५ च्या आसपास. अवघड आहे तो दगड जो खरंच कोरंडम आहे, पण ज्याचा पिवळा रंग बेरिलियमसोबत प्रचंड तापवून आणलेला आहे. हा प्रकार २००२ च्या सुमारास उघडकीला आला आणि तो ओळखायला मोठी यंत्रंच लागतात. म्हणून रिपोर्टवर "नॅचरल" हा शब्द वाचून थांबू नका. खाली शेरा लिहायची जागा असते. तापवलं आहे का, काही भरलं आहे का, रंग कसा आला, ते तिथे असतं, आणि दुकानदार नेमका तोच भाग वाचून दाखवत नाही.

तो शेरा का वाचायचा ते एका अंगठीवरून सांगतो. एक बाई माणकाची अंगठी घेऊन आल्या होत्या. माप सैल करायला सोनाराकडे दिली आणि परत आली तेव्हा माणिक निस्तेज झालं होतं. त्यांना वाटलं सोनाराने दगड बदलला. मी दहापट भिंगाखाली धरलं. पृष्ठभागावर भेगांची जाळी, जणू कोणी बारीक सुईने ओरखडलंय. दगड जरा तिरका केला की भेगांच्या आत निळा चमकारा, आणि एका भेगेत चपटे झालेले हवेचे बुडबुडे. माणिक होतं, पण भेगांनी भरलेलं, आणि त्या भेगांत शिशाची काच ओतून ते पारदर्शक केलेलं. सोनाराच्या आचेने आणि आम्लाने वरची काच खाल्ली. असं माणिक लिंबाच्या रसानेही बिघडतं. सोनार बिचारा निर्दोष होता. ज्याने ते चांगल्या माणकाच्या भावात विकलं त्याच्या बिलावर "रुबी रिंग" एवढंच होतं, त्यामुळे त्या बाईंच्या हाती काही लागलं नाही. याचा मला आजही राग येतो.

वजन रत्तीत मान्य करू नका. सोनाराची रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची, ग्रहांच्या खड्यांसाठी सांगतात ती १८२ च्या आसपास. कॅरेटमध्ये लिहून घ्या, तो सगळीकडे २०० मिलिग्रॅमच. आणि माझं प्रामाणिक मत: खडा ज्यांनी सांगितला त्यांच्याकडून किंवा त्यांनी नाव दिलेल्या दुकानातून घेऊ नका.

मोत्यांचं थोडक्यात. खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला ते हे गाव, म्हणून "बसरा" म्हटलं की आपण हळवे होतो आणि दुकानदारांना ते ठाऊक असतं. त्या काळी बाजारात संवर्धित मोती, म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेले, नव्हतेच; जपानच्या मिकिमोतोचं त्यातलं पहिलं यश १८९३ चं. आज बसरा मिळतो तो बहुतेक जुन्या दागिन्यांतून निघालेला, आणि महाग. नवा कोरा, एकसारखा गोल, पांढराशुभ्र बसरा तन्मणी कोणी दाखवला तर तो जवळजवळ नक्की चिनी गोड्या पाण्यातला संवर्धित मोती आहे. तो वाईट नाही, फक्त भाव त्याचा द्यायचा. दातावर घासून खरखर लागली तर काचेचा मणी नाही एवढंच कळतं. नैसर्गिक की संवर्धित हे क्ष-किरण तपासणीशिवाय कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. घरी आजीची नथ किंवा चिंचपेटी असेल तर पटव्याकडे गाठवायला देण्याआधी मोती मोजा, वजन करा, जवळून फोटो काढा, आणि शक्यतो समोर बसून गाठवून घ्या.

सौदा करताना "स्वतंत्र तपासणीत वेगळं निघालं तर पूर्ण पैसे परत" हे वाक्य बिलावर घ्या. कच्ची चिठ्ठी घेऊन ३ टक्के जीएसटी वाचवू नका, तक्रारीचा पायाच जातो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. गडबड निघालीच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

तन्मणीच्या फोटोवरून मी मत देणार नाही, ते तुमच्यावर आणि दुकानदारावर दोघांवरही अन्याय करणारं होईल. पैसे देण्याआधी बिलाचा कच्चा मसुदा मागून घ्या आणि दुकानाचं नाव झाकून इथे टाका. त्यात काय लिहायचं राहिलंय ते मी वाचून सांगतो.