तिमिंगिल, तिमिंगल की देवमासा?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या एक ताई मराठीत फँटसी कादंबरी लिहितायत. त्यांनी रचलेल्या जगात सगळ्यात आधी फक्त समुद्र आणि त्यात एक अफाट व्हेल होती, तिच्या पाठीवर बेटं उगवली, तिच्या गाण्यातून माणसांना भाषा मिळाली, आणि तिथले लोक तिला आई म्हणून पुजतात. तर तिला 'तिमिंगल माता' म्हटलं तर चालेल का, की 'देवमासा' बरं, आणि तिच्या पिल्लाला काय म्हणायचं?

तिमिंगल माता नको. अजिबात नको! हल्ली जरा भारदस्त काही हवं असलं की जो तो तिमिंगल काढतो, आणि त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते एकालाही बघावंसं वाटत नाही. मुळात शब्द 'तिमिंगिल', ग ला वेलांटी आहे. तिमि म्हणजे एक अवाढव्य मासा आणि गिल म्हणजे गिळणारा, आपलं रोजचं 'गिळणं' तेच. तिमीला गिळतो तो तिमिंगिल. म्हणजे जिने जगाला जन्म दिला तिला तुम्ही भर देवळात 'गिळणारी' म्हणून हाक मारणार. ती वेलांटी पुसली की गिळणं दिसेनासं होतं आणि मग असले घोटाळे होतात.

याचा सख्खा भाऊ कोण माहितीये? अजगर! अज म्हणजे बोकड, त्याला गिळणारा तो अजगर, धातू तोच, फक्त एकीकडे ल आणि दुसरीकडे र. मग अजगरात नाही तो अनुस्वार तिमिंगिलात कुठून आला, तर पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवर जी वार्तिकं, म्हणजे पुरवणी नियम, आहेत त्यात याची खास सोय केलीये, की पुढे 'गिल' आला तर आधीच्या शब्दाला म् जोडा. आणि एवढ्यावर थांबतील तर ते वैयाकरण कसले, 'गिलगिल' पुढे आला तरी जोडा असंही सांगून ठेवलंय, कारण तिमिंगिलाला गिळणारा तिमिंगिलगिल पण आहे ना. शिवाय एक जुना श्लोक आहे, त्यात तिमि शंभर योजनांचा, मग हा तिमिंगिलगिल, आणि त्यालाही गिळणारा 'राघव' नावाचा मासा. फँटसीवाल्यांनो, तुमच्या ड्रॅगनच्या वंशावळ्या राहू द्या, इथे तयार माल पडलाय.

आता 'तिमिंगल' म्हणणाऱ्यांचा आधार म्हणजे आपली खगोलाची पुस्तकं. सीटस या तारकासमूहाला मराठीत तिमिंगल म्हणतात, मीरा नावाचा तारा त्यातलाच, साधारण 332 दिवसांच्या चक्रात एरवी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतका मंद होतो आणि परत उजळतो. पुस्तकात छापलंय म्हणून शब्द बरोबर, हे मला मान्य नाही. त्या नामकरणाची गंमत वेगळीच आहे. ग्रीक कथेत अँड्रोमेडाला खायला समुद्रातून राक्षस येतो, तोच हा सीटस, पर्सियस तिला सोडवतो, तिचे आईबाप कॅसिओपिया आणि सेफियस, आणि या सगळ्यांच्या नावाचे तारकासमूह आहेत. आपल्याकडे अँड्रोमेडाची झाली देवयानी, पर्सियसचा ययाती, कॅसिओपियाची शर्मिष्ठा आणि सेफियसचा वृषपर्वा! म्हणजे तिकडची आई इकडे सवत झाली. एवढं अख्खं कुटुंब महाभारतातून उचललं पण त्या समुद्रराक्षसाला ययातीच्या गोष्टीत जागाच नाही, म्हणून त्याला तेवढा कोशातला शब्द चिकटवला. असो, डिसेंबरात संध्याकाळी पुण्याबाहेर अंधारात गेलात तर दक्षिणेकडे बघा.

देवमाशाबद्दल. 'तो सस्तन प्राणी आहे, मासा नाही, सबब शब्द चूक' म्हणणारे मास्तर प्रत्येक चर्चेत असतात. त्यांना तारामासा चालतो, ज्याला साधा कणासुद्धा नसतो. आणि अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशानेही तिमिंगिल माशांच्याच यादीत बसवलाय, जलजंतू म्हणून मकर वगैरे मंडळी त्यापुढे येतात. भाषा म्हणजे प्राणिशास्त्राची जर्नल नव्हे.

पण यातला 'देव' कोणता? थोर, पूज्य, म्हणून देव, असं सगळे सांगतात, आणि पुरावा म्हणून देवमाणूस पुढे करतात. मला हे पटत नाही. देवभात घ्या, तो आपसूक उगवतो, कुणी पेरत नाही. देवराईत कुऱ्हाड चालत नाही. माझं म्हणणं असं की या शब्दांतला देव म्हणजे 'माणसाची मालकी नाही ते', आणि जाळ्यात येणार नाही, पाटीत बसणार नाही, गणेश पेठेच्या मासळी बाजारात ज्याचा भाव होणार नाही तो देवमासा. देवबाभळीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तिचा विचार चालू आहे.

ताईंची खरी अडचण लिंगाची आहे. देवमासा पुल्लिंगी, आणि त्याचं स्त्रीलिंग करायला जावं तर 'देवमाशी', म्हणजे अख्खी विश्वमाता भिंतीवर बसली! देवमासोळी म्हणावं तर ती तळहातावर मावेल. म्हणून माझा सल्ला, आईचं नाव सरळ 'तिमी' ठेवा. संस्कृतात तिमि पुल्लिंगी आहे, पण मराठी कानाला ते बाईचंच नाव वाटतं. जातीचं नाव म्हणून देवमासा राहू दे. आणि तिमिंगिल ठेवा खलनायकासाठी, कारण तिमीला गिळायला कोण येणार हे त्याच्या नावातच आहे. तो दाखवताना दातवाला स्पर्म व्हेल डोळ्यासमोर आणा, तो मोठमोठे स्क्विड गिळतो, निळ्या देवमाशाचा घसा फार अरुंद असतो, त्याचं सगळं पोट क्रिल नावाच्या बारक्या, कोळंबीसारख्या जिवांवर चालतं.

हां, पिल्लू. पिल्लूच म्हणा. इंग्रजीत काफ म्हणतात म्हणून 'व्हेलचं वासरू' लिहिलेलं मी वाचलंय, तेवढं करू नका.