सोलापुरातल्या गच्चीवरून ताऱ्याचा आकार मोजता येईल का?

घरची सहा इंची दुर्बीण आणि साधा व्हिडिओ कॅमेरा वापरून, चंद्र ताऱ्याला झाकतो त्या क्षणावरून ताऱ्याचा आकार आणि जोडतारा (एकच वाटणारे दोन तारे) कळेल का, असं तुम्ही विचारलंय. जोडतारा नक्की मिळू शकतो. आकार मात्र अवघड. मीही जुळे सोलापुरात गच्चीवरून पिधानं (चंद्रानं तारा झाकण्याच्या घटना) टिपतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चंद्र ताऱ्यांमधून सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकतो (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे विकला). सेकंदाला २५ फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत तो जेमतेम ०.०२ विकला पुढे जातो. त्यामुळे हवेच्या थरथरीत मोठ्या दुर्बिणीतूनही एकच ठिपका दिसणारी जोडी इथे सुटी होते: एक तारा विझतो, उजेड मधेच अडखळतो, मग दुसरा जातो. ज्येष्ठाचा सोबती असाच सापडला. १८१९ मध्ये व्हिएन्नात खगोलशास्त्रज्ञ ब्युर्ग ज्येष्ठाचं पिधान बघत होते. चंद्राआडून आधी अंधुक तारा निघाला आणि काही सेकंदांनी लखलखीत ज्येष्ठा!

मात्र एका जागेवरून दोन ताऱ्यांमधलं फक्त चंद्राच्या कडेशी काटकोनातलं अंतर मिळतं. तेच पिधान नागपुरातून कुणी टिपलं तर कड वेगळ्या कोनातून येते आणि दोन्ही नोंदी मिळून जोडीचं खरं अंतर नि दिशा निघते. दोन्हीकडच्या वेळा जुळायला हव्यात, म्हणून वेळ जीपीएसवरूनच घ्या.

आता आकार. ज्येष्ठाची तबकडी (ताऱ्याचं आकाशात दिसणारं गोल बिंब) सुमारे ०.०४ विकलांची, म्हणजे ती झाकली जायला तुमच्या कॅमेऱ्यात दोन फ्रेम. रोहिणी तिच्या निम्मी. बाकीचे बहुतेक तारे फारच लहान, आणि तिथे चंद्राच्या कडेवर वळणारा प्रकाश आड येतो. जमिनीवर दहा-बारा मीटरचे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात आणि ते सेकंदाला अर्धा-एक किलोमीटर वेगानं पुढे पळतात. यामुळे आकार कळणारच नाही, असं खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी १९०९ मध्ये मांडलं होतं. पुढे उलटंच झालं: तबकडी जितकी मोठी तितके पट्टे पुसट, आणि त्या पुसटपणावरूनच आकार काढतात. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पण त्यासाठी मिलिसेकंदाची मोजणी लागते. माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवर ती झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीची रेडिओ दुर्बीणही मुळात चंद्राच्या पिधानांसाठीच उभारली.

तुम्ही माघ-फाल्गुनाच्या शुक्ल पक्षात, चंद्र कृत्तिकांजवळ असताना सुरुवात करा. तारा अंधाऱ्या कडेआड जातो, डोळे दिपत नाहीत. वेळा 'ऑकल्ट' या मोफत प्रोग्रॅमवर सोलापूरचे अक्षांश-रेखांश घालून काढा. आपल्याकडे स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो आणि त्यानं हवा थरथरते, तेव्हा संध्याकाळीच गच्चीवर पाणी मारून ठेवा.