मॉडर्न आर्ट कळत नसेल तर रेट्रोस्पेक्टिव्हला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की पेपरातलं समीक्षण दोनदा वाचूनही काही हाती लागलं नाही, मग रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे एकाच चित्रकाराच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन, बघायला घणसोलीहून फोर्टपर्यंत कशाला जायचं? माझ्या मते त्यासाठीच जा. सुट्या चित्रावरून फारसं कळत नाही. पण एका माणसाचं चाळीस-पन्नास वर्षांचं काम एका ठिकाणी लागलं, की समीक्षक काहीतरी पाहून लिहितोय की नुसता फेकतोय, हे आपलं आपल्याला ताडता येतं.

उदाहरण आमच्या ठाण्याचंच देतो. सुधीर पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट. १९७५ ते २००५ ठाण्यात प्रॅक्टिस केली आणि चित्रंही काढत राहिले. त्यांचं रेट्रोस्पेक्टिव्ह २०१९च्या नोव्हेंबरअखेरीस फोर्टमधल्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) लागलं. चित्रं निवडून मांडणारी क्युरेटर नॅन्सी अदजानिया. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत जड अंगाची, एकेकटी माणसं अगदी समोर येऊन उभी राहतात. ऐंशीनंतर चित्रकार मागे सरकतो आणि माणसांभोवतीची वस्ती, रस्ते, पूल आत येतात. ‘पोखरण’ १९९१चं, ‘लोअर परळ’ २००१चं. ठाण्याच्या पोखरण रोडवर रेमंडच्या कारखान्याच्या जागी काय उभं राहिलं हे ज्याने पाहिलंय, त्याला त्या सालांमधलं अंतर समजावून सांगायला टीकाकार लागत नाही. पटवर्धनांना सरसकट ‘श्रमिकांचा चित्रकार’ म्हणतात. सालवार बघत गेलो तेव्हा ते बिरुद पहिल्या दशकाला चपखल वाटलं, पुढे तोकडं पडत गेलं. नंतरच्या चित्रांत घरं आहेत, म्हातारपण आहे, आपल्यासारखी मध्यमवर्गीय माणसंही आहेत.

तुम्ही म्हणाल, यात निदान माणसं तरी दिसतात, नुसत्या रंगांचं काय? मग अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे बघा. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून १९४८ साली बाहेर पडलेल्या या माणसाच्या सुरुवातीच्या कामात आकृती आहेत. पन्नासच्या दशकात त्या विरघळत जातात आणि पुढे रोलर, पॅलेट नाइफ (रंग लावायची बोथट सुरी), फाडलेले कागद यांनी थरावर थर चढवलेला, खरवडलेला रंग उरतो. वर्षाला मोजकेच कॅनव्हास. हा क्रम ठाऊक असला की ‘हे तर माझा मुलगाही काढेल’ असं म्हणण्याआधी माणूस जरा थांबतो. (थांबूनही आवडलं नाही, तर नाही आवडलं. तो गुन्हा नाही.) त्यांचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात झालं, मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. त्याच्या आदल्याच वर्षी क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींहून जास्त किमतीला गेलं होतं. मोठी प्रदर्शनं आणि बाजार एकमेकांकडे बघूनच चालतात, हे डोक्यात असू द्या. फसलेली चित्रं सहसा भिंतीवर लागत नाहीत, त्यामुळे चित्रकाराचा प्रवास होता त्यापेक्षा सरळ दिसतो. म्हणून मी प्रदर्शनात फिकी, अडखळलेली चित्रं शोधतो. पुढच्या वळणाचं कारण बऱ्याचदा तिथे सापडतं.

समीक्षकांबद्दल तुमचा राग मला पटतो, पण अर्धाच. माझी एक कसोटी आहे. समीक्षणातलं वाक्य घ्या आणि चित्रकाराचं नाव बदला. वाक्य तसंच खपत असेल तर ते पान उलटा. ‘अस्तित्वाचा अमूर्त शोध’ कुणालाही चिकटतो. ‘इथे क्षितिजरेषा वर ढकलली आहे’ हे मात्र जाऊन तपासता येतं. बातम्यांचं तर विचारूच नका. २०१९च्या फेब्रुवारीत याच एनजीएमएत चित्रकार प्रभाकर बरव्यांचं प्रदर्शन सुरू झालं. उद्घाटनात अमोल पालेकर स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल बोलत होते आणि त्यांना मध्येच अडवलं गेलं. त्यावर चर्चा व्हायलाच हवी होती, पण मी वाचलेल्या बातम्यांत बरव्यांच्या चित्रांना दोन ओळीही नव्हत्या. चित्रकार स्वतः कसा विचार करतो हे मराठीतच वाचायचं असेल तर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ मिळवा. माझ्या मते बहुतेक समीक्षणांपेक्षा ते सोपं आहे.

गेलात की भिंतीवरची माहिती आधी वाचू नका. फक्त साल बघत एक फेरी मारा, मग सुरुवातीला परत येऊन वाचत फिरा. वाशीला गाडी बदलून सीएसएमटी गाठा, तिथून बस किंवा टॅक्सी. एनजीएमएसमोरच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन संग्रहाचं दालन आहे, त्या संग्रहात गायतोंडेही आहेत. तुम्ही जाल तेव्हा त्यांची चित्रं लागलेली असली तर नक्की बघा. फक्त सोमवारी जाऊ नका, एनजीएमए बंद असते.