१९२९ नंतर अमेरिका एवढी कशी कोसळली, आणि सरकारने तिला सावरलं म्हणजे नेमकं काय केलं?

तुम्ही विचारलंय की १९२० च्या दशकात एवढ्या तेजीत असलेला देश तीन-चार वर्षांत रस्त्यावर कसा आला, आणि रूझवेल्ट यांच्या सरकारने नुसते पैसे वाटून तो सावरला हे खरं आहे का. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस नाही. एका नागरी सहकारी बँकेत एकवीस वर्षं कॅशियर होतो आणि ती बँक माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली. त्यानंतर मंदीबद्दल हाताला लागेल ते वाचलं, आणि १९३३ च्या मार्च महिन्याशी पुन:पुन्हा येऊन थांबलो. म्हणून हे उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने देतो.

तेजी खोटी नव्हती. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळायची, ती १९२५ मध्ये २६० डॉलरला मिळू लागली. मोटार, रेडिओ, शिवणयंत्र, सगळं हप्त्यावर घरात येत होतं. पण गावाकडे चित्र वेगळं होतं. पहिल्या महायुद्धात युरोपला धान्य पुरवण्यासाठी शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, युद्ध संपल्यावर भाव पडले आणि कर्ज तसंच राहिलं. शहरं झगमगत होती तेव्हा खेड्यातल्या छोट्या बँका दरवर्षी शेकड्यांनी बुडत होत्या.

शेअर बाजारात लोक दहा-वीस टक्के स्वतःचे घालून बाकीचे दलालाकडून उसने घेत. भाव चढतो तोवर सगळे शहाणे. ३ सप्टेंबर १९२९ ला डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो गडगडला आणि जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. शंभराचे अकरा राहिले.

पण बहुतेक अमेरिकी कुटुंबांकडे शेअर नव्हतेच. मग ज्याने आयुष्यात एक शेअर घेतला नाही त्याची नोकरी का गेली? माझ्या मते खरं उत्तर बँकांच्या दारात आहे.

न्यूयॉर्कमध्ये 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स' नावाची एक खाजगी बँक होती. नावामुळे ती सरकारी वाटायची. तिचे चार लाखांहून जास्त ठेवीदार होते, त्यात कपड्याच्या कारखान्यांत राबणारे स्थलांतरित ज्यू कामगार खूप. डिसेंबर १९३० मध्ये ब्राँक्समधल्या एका शाखेत एक छोटा व्यापारी आपल्याकडचे त्या बँकेचेच शेअर विकायला गेला. अधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं, चांगले शेअर आहेत, विकू नका. तो बाहेर पडला आणि बँक पैसे द्यायला नकार देतेय अशी आवई उठली, असा तेव्हाच्या वर्तमानपत्रांतला वृत्तांत आहे. दुपारपर्यंत हजारोंची गर्दी जमली. दुसऱ्या दिवशी बँक उघडलीच नाही. पुढे काही वर्षांत ठेवीदारांना ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे परत मिळाले. म्हणजे तिजोरी पार रिकामी नव्हती. पण त्या आठवड्यात घरभाडं भरायचं होतं त्याला त्याचा काय उपयोग?

आमच्या बँकेवर निर्बंध आले तो दिवस मला तारखेसकट आठवतो. शटरवर नोटीस लावलेली, खात्यातून पाच हजारांच्या वर काढता येणार नाहीत. सकाळी साडेनऊला रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. रोज मला 'काय साहेब, चहा झाला का' विचारणारी माणसं काचेच्या पलीकडून नुसती बघत होती. ज्याला पैशाची गरज नव्हती तोही रांगेत होता, कारण शेजारी रांगेत होता. ते पाहिल्यापासून १९३० ते १९३३ मध्ये अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या हा आकडा मला नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही.

बँक बुडली की ठेव जाते, एवढंच होत नाही. उरलेल्या बँका घाबरून कर्ज देणं थांबवतात आणि दिलेलं कर्ज मागे घेतात. कारखानदाराला पगारासाठी पैसा मिळत नाही, तो माणसं कमी करतो, त्या माणसांची खरेदी थांबते. अमेरिकेत चलनपुरवठाच सुमारे एक तृतीयांशाने आटला. १९२९ मध्ये साधारण १ डॉलरला जाणारा गव्हाचा बुशेल १९३२ मध्ये ३८ सेंटवर आला. अशा वेळी बँकांना उसने पैसे देऊन तगवणं हे फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं, काम होतं. डॉलर तेव्हा सोन्याशी बांधलेला होता, आणि सोन्याचा साठा राखण्यासाठी तिने ऑक्टोबर १९३१ मध्ये उलट व्याजदर वाढवले. १९३३ उजाडला तेव्हा दर चार कामगारांमागे एक बेकार होता.

४ मार्च १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा बहुतेक राज्यांत बँका बंद तरी होत्या किंवा पैसे काढण्यावर मर्यादा होती. दोन दिवसांत त्यांनी देशभरातल्या सगळ्या बँकांना सुट्टी जाहीर केली. ९ मार्चला आणीबाणीचा बँकिंग कायदा एकाच दिवसात संमत झाला. तो तयार करायला आधीचे, निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारचे अर्थखात्यातले अधिकारी मागे थांबले होते. ज्यांचं सरकार लोकांनी घालवलं ती माणसं नव्या सरकारसाठी रात्री जागत होती, याचं मला फार मोल वाटतं.

१२ मार्च, रविवार, रात्री दहा वाजता रूझवेल्ट रेडिओवर बोलले, पंधरा मिनिटांच्या आत. अंदाजे सहा कोटी लोक ऐकत होते. त्यांनी काय सांगितलं? तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत पुरून ठेवत नाही, तो कर्जाऊ देते, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी मागितला तर भक्कम बँकही देऊ शकत नाही. आता तपासणी करून चांगल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडू. प्रत्येक बँक उघडेल किंवा कुणाचंच नुकसान होणार नाही, असं वचन मी देत नाही. पण उघडलेल्या बँकेत ठेवलेला पैसा गादीखालच्या पैशापेक्षा सुरक्षित आहे.

दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या. पुन्हा रांगा लागल्या, पण या वेळी लोक पैसे परत भरायला आले होते. दोन आठवड्यांत घरात दडवलेल्या रोकडीपैकी निम्म्याहून जास्त बँकांत परत आली. १५ मार्चला शेअर बाजार एका दिवसात १५ टक्क्यांनी चढला. हजारो बँका कायमच्या बंदच राहिल्या, तरी पळापळ थांबली. तेव्हा 'नुसते पैसे वाटले' हे बरोबर नाही. आधी खरं सांगितलं, आणि सांगण्याआधी कायदा करून तयारी ठेवली.

त्याच वर्षी ठेवींना विम्याचं संरक्षण देणारा कायदा झाला. खुद्द रूझवेल्ट याबाबत साशंक होते. अलाबामाचे खासदार हेन्री स्टीगल यांनी तो धरून लावला. १९३४ च्या जानेवारीपासून २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली, आणि त्या वर्षी विमा असलेल्या फक्त ९ बँका बुडाल्या. हजारोंवरून नऊ! सगळ्या योजनांमध्ये मला हीच थोर वाटते, आणि हिच्यावर सरकारने खिरापत वाटलेली नाही.

बाकीचं थोडक्यात. डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं सैल केलं, सोन्याचा दर औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलर केला, भाव थोडे वर आले आणि कर्जदार शेतकऱ्याला श्वास घेता आला. तरुणांना जंगलांत झाडं लावायला, बांध घालायला पाठवलं. महिना ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी जायचे. १९३५ पासून दुसऱ्या योजनेत ८५ लाख लोकांनी रस्ते, शाळा, विमानतळ बांधले. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजीने पाझर तलावावर मातीची घमेली वाहिली आणि घर जगवलं, त्यामुळे 'काम काढून मजुरी देणं' म्हणजे उधळपट्टी असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वि. स. पागे यांची रोजगार हमी याच जातीची आहे.

चुकाही झाल्या. लोक उपाशी असताना भाव वाढावेत म्हणून १९३३ मध्ये साठ लाख डुकरं मारली. पीक कमी घेण्याचं अनुदान जमीनदारांनी खिशात घातलं आणि वाटेकऱ्यांना हाकललं. १९३५ च्या पेन्शन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले, म्हणजे दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय बाहेर राहिले. १९३७ मध्ये सगळं सुरळीत झालं असं समजून खर्च कापला, पतधोरण आवळलं, तर बेकारी १४ वरून १९ टक्क्यांवर गेली. पुरता रोजगार आला तो दुसऱ्या महायुद्धाने, आणि डाऊ जोन्स १९२९ च्या उंचीवर पोहोचला १९५४ मध्ये.

आमच्याकडेही ठेव विमा होता, तेव्हा १ लाखाचा. आता तो ५ लाखांचा आहे. भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या, मुलीच्या लग्नासाठी २ लाख ४० हजार साठवलेले. त्यांना विम्याचे १ लाख मिळाले. चेक घेऊन झाल्यावर त्यांनी पासबुक काचेखालून माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "दादा, उरलेले कधी?" त्या वेळी वरून आम्हाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी पासबुकावर शिक्का मारून ते परत दिलं.