गड्डा लिंबाएवढाच का राहिला?

प्रश्न : पुण्यात आमच्या गच्चीवर डिसेंबरअखेरीस ब्रोकोलीचं बी टाकलं. धावपळीत रोपं दीड महिना ट्रेमध्येच राहिली, फेब्रुवारीत कुंड्यांत लावली. मार्चमध्ये लिंबाएवढा गड्डा आला आणि आठवड्यात पिवळी फुलं! बी खराब निघालं का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : बियाला बोल लावू नका, ताई. ट्रेच्या इवल्याशा खणात रोप दीड महिना अडकलं की त्याची मुळं गोल गोल फिरत बसतात, वाढ खुंटते, आणि पानं पुरेशी होण्याआधीच ते गड्डा धरतं. मग तो बटणाएवढाच राहतो. त्यात तुमचं मार्चचं ऊन. गड्डा भरताना हिला १५ ते २० अंशांचा गारवा हवा असतो. उन्हाचा चटका बसला की कळ्या भराभर उमलतात.

यंदा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाका. रोप चार-पाच पानांवर आलं, म्हणजे साधारण २५ ते ३० दिवसांचं झालं, की हलवाच. घरी पाहुणे असले तरी! २० लिटरच्या रंगाच्या बादलीत एकच रोप. दोन लावायचा मोह मलाही झाला होता, दोन्ही किरकोळ निघाली. मातीत एक तृतीयांश शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला.

पानांना भोकं दिसली तर पान उलटून बघा. हिरव्या बारीक अळ्या असतात, हात लावला की वळवळत धाग्याला लोंबकळतात. संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा. शेजारच्या कुंडीत मोहरी पेरली तर त्यांचा पतंग बराचसा तिकडे वळतो.

माझी चूक सांगते. फ्लॉवरच्या सवयीनं मी ‘अजून भरेल’ म्हणत चार दिवस थांबले, आणि हाती पिवळा गुच्छ आला. कळ्या घट्ट, गडद हिरव्या असतानाच देठासकट कापा. आणि रोप उपटू नका! मी पहिल्या वर्षी उपटलं. खाली पानांच्या बेचक्यांतून पुढचे काही आठवडे छोटे तुरे येत राहतात. शिजवण्याआधी तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, लपलेल्या अळ्या वर येतात.

पुन्हा कधी फुललंच, तर फेकू नका. पिवळी फुलंही खाता येतात. लसणाची फोडणी देऊन, बेसन पेरून परता. आमच्याकडे तो गुच्छ असाच संपला.