रंगाची बंदूक काढून घेतली, तेव्हा कोडं जमलं

‘पोर्टल २’ या कोड्यांच्या व्हिडिओ गेममधले रंग तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच शोधले ना? मित्राशी पैज लागली आहे. (ऐरोली)

पैज हरलात. अमेरिकेतल्या डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली ‘टॅग: द पॉवर ऑफ पेंट’ हा गेम केला. त्यात हातात रंगाची बंदूक असते. हिरव्यावर पाय पडला की उसळी, लालवर वेग, निळ्यावर पाय भिंतीला चिकटतात. व्हॉल्व्हने ही मुलं नोकरीवर घेतली. २०११च्या ‘पोर्टल २’मध्ये उसळी निळ्याकडे गेली, वेग नारिंगीकडे. पांढरा नवा आला. या गेममध्ये भिंतींवर दोन पोर्टल, म्हणजे दारं, उघडतात: एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. पांढरा लागला की एरवी पोर्टल न उघडणाऱ्या भिंतीवरही उघडतं. चिकटणारा रंगही करून पाहिला होता, पण खेळून बघणाऱ्यांना गरगरायला लागलं, म्हणून गाळला.

‘टॅग’मध्ये मोकळीक जास्त, तरी डोकं ‘पोर्टल २’च जास्त खातं. असं का? (वाशी)

फार नेमकं हेरलंत. कारण ‘पोर्टल २’मध्ये बंदुकीतून रंग उडवता येत नाही. तो नळातून ठरलेल्या जागीच पडतो. हवा तिथे न्यायचा तर धारेखाली एक पोर्टल आणि दुसरं अशा ठिकाणी, की धार तिथून बाहेर पडून नेमकी जागा भिजवेल. ‘रंग कुठे लावू’ हा प्रश्न ‘रंग इथवर आणू कसा’ असा झाला. या प्रकारातला सर्वांत मोठा बदल मी हाच मानतो. कॅरमवर पावडर टाकली की सोंगटी झरझर सरकते. पण दर फटक्याआधी हवी तिथे पावडर टाकू दिली, तर नेम कोण धरेल?

मुलगी अकरा वर्षांची आहे. ‘स्प्लाटून’ यातलाच का? (घोडबंदर रोड)

नाही, २०१५चा तो गेम म्हणजे दोन संघांची चढाओढ. आपल्या शाईत सुळकन पोहता येतं, दुसऱ्याच्या शाईत पाय जड होतात. कोडी आवडत असतील, तर तिला ‘द अनफिनिश्ड स्वान’ (२०१२) द्या. पांढऱ्याफटक जगात काळा रंग फेकला की भिंती उमटतात. जास्त फेकला की सगळं काळं, आणि पुन्हा काहीच दिसत नाही. पहिला गोळा तिलाच फेकू द्या.

मुलगा युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असा गेम करतोय. रंगाचे ठिपके वाढले की गेम अडकतो. (खारघर)

प्रत्येक ठिपका वेगळी वस्तू म्हणून ठेवला असणार. त्यापेक्षा भिंतीला एक टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेलं चित्र, द्यावं आणि रंग त्यातच भरावा. सोबत चौकटींची एक ढोबळ जाळी ठेवून कोणत्या चौकटीत कुठला रंग, एवढंच नोंदवावं. पायाखाली काय आहे ते जाळीलाच विचारायचं. ग्राफिक्स कार्डाकडून चित्र परत वाचायला लावलं, तर गेम पुन्हा अडकेल. आणि सुरुवात एकाच रंगाने करू दे. उसळीचा घ्यावा, चूक झाली की लगेच कळते.