लेकीची तुर्की मैत्रीण आणि इफ्तारचं आमंत्रण

प्रश्न: आम्ही कोलोनला राहतो. लेकीला तिच्या तुर्की मैत्रिणीच्या घरून इफ्तारचं आमंत्रण आलंय. सासूबाई सध्या इथे आहेत, त्यांना हे पसंत नाही. लेक विचारते, "ती इथेच जन्मली, तरी लोक तिला परकी का समजतात?" काय सांगू?

उत्तर: लेकीला जरूर जाऊ द्या, बोलावलं तर तुम्हीही जा. तिच्या प्रश्नाचं उत्तर धर्मापेक्षा जर्मनीच्या अलीकडच्या इतिहासात जास्त सापडेल.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. इस्तंबूलमध्ये डॉक्टरी तपासणी व्हायची आणि पास झालेले आगगाडीने म्युनिकला यायचे. तिथून कुणी रूरच्या कोळसा खाणीत, कुणी तुमच्याच गावातल्या फोर्डच्या कारखान्यात. काही वर्षं राबून हे लोक परततील, असा सरकारचा हिशेब होता. १९७३ मध्ये भरती बंद झाली. आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी बायकामुलांनाच इकडे आणलं. त्यांची इथे जन्मलेली मुलं मात्र कागदोपत्री परदेशीच राहिली. जन्माने नागरिकत्वाची वाट उघडली ती २००० साली, तीही अटींसह. आपण ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यावर, पदव्या घेऊन आलो, आपलं स्वागत निराळं झालं. हा फरक लेकीला मोकळेपणाने सांगा.

कोलोनमधल्याच कोइपश्ट्रासे या रस्त्याबद्दलही सांगा. तुर्की दुकानांच्या या रस्त्यावर ९ जून २००४ रोजी खिळ्यांचा बॉम्ब फुटला, २२ माणसं जखमी झाली. पोलिसांनी वर्षानुवर्षं संशय घेतला तो तिथल्याच रहिवाशांवर. बॉम्ब नवनाझी टोळीने ठेवला होता, हे २०११ मध्ये उघड झालं. जखमी माणसालाच आरोपी ठरवलं गेलं, तर तो त्या समाजावर विश्वास कसा ठेवणार? मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

धर्माबद्दल बोलताना सगळे तुर्क एकसारखे, असं धरून चालू नका. जर्मनीत अलेवी पंथाचे तुर्कही पुष्कळ आहेत. त्यांच्यातले बरेच जण रमजानचे रोजे धरत नाहीत, मोहरममध्ये उपास करतात, आणि त्यांच्या प्रार्थनेत बायका-पुरुष एकत्र बसतात. कोलोनच्या एरेनफेल्ड भागातली मोठी मशीद चालवणाऱ्या संस्थेचे तुर्कस्तान सरकारशी जवळचे संबंध आहेत. २०१८ मध्ये तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन तिच्या उद्घाटनाला आले तेव्हा त्यांच्या विरोधात मोर्चेही निघाले, आणि त्यांत तुर्कस्तानातून आलेली माणसंही होती. ३ ऑक्टोबरला जर्मनीत अनेक मशिदी सर्वांसाठी खुल्या असतात. लेकीला घेऊन जा, तिला प्रश्न विचारू द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. फाळणीच्या, दंगलींच्या आठवणी त्यांच्या मनात असतील, त्या खोट्या नाहीत. पण तुर्कस्तानातल्या अनातोलियातून आलेल्या कुटुंबाचा त्या घटनांशी काही संबंध नाही, हे शांतपणे सांगा. जमलं तर त्या मैत्रिणीला आधी तुमच्याच घरी जेवायला बोलवा. आजींच्या हातची पुरणपोळी तिच्या ताटात पडली की पुढचं बोलणं सोपं होईल.

शाकाहारी असाल तर यजमानांना आधीच स्पष्ट कळवा: मांस, कोंबडी, मासे नको, आणि सूपसुद्धा मांसाच्या पाण्यातलं नको. मसूर डाळीचं सूप, पालकाचं ब्योरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ), भात भरलेली द्राक्षाची पानं आनंदाने करतील. खाऊ नेणार असाल तर जिलेटिन नसलेला बघून घ्या. इथे ते बहुतेक डुकराचं असतं, त्यामुळे त्यांनाही चालत नाही आणि तुम्हालाही.